सात गुणांचं वाक्य

"नुसतं नाही-नाही काय म्हणताय? ते वाक्य एकदा माझ्यासमोर म्हणून दाखवा," चौकशीताई नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्याच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा हातात. पाणीपुरवठा कार्यालयातून येऊन तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच विषय निघाला होता, आणि ओट्यावरचा चहा गार होईपर्यंत बराच पुढे गेला होता. नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. जे वाक्य आपण उभ्या जन्मात उच्चारलेलं नाही, जे बायकोने तिच्या कामाच्या जागी कानाला हेडफोन लावून ऐकलं, त्याचा जाब आपण का द्यायचा?

"मशीनमधून ऐकलंस ना? मग मशीनला विचार," तो म्हणाला.

"मशीनमध्ये कोणीतरी घातल्याशिवाय येत नाही. तुम्ही म्हणा तर."

मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन केस विंचरत होती. तिने मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिला भूक लागली होती. "म्हणून टाक ना बाबा. एक वाक्य तर आहे. नाहीतर आज जेवण कधी व्हायचं?"

नवऱ्याने मोजा खाली ठेवला, घसा साफ केला आणि शाळेत मुलं प्रतिज्ञा म्हणतात तशा सुरात म्हणाला, "तिला कळायच्या आत सगळं उरकून घेऊ."

चौकशीताई डोळे मिटून ऐकत होत्या. आतल्या खोलीत त्यांच्या आईचा रेडिओ चालू होता. तो मध्येच बारीक झाला, पण त्या वेळी त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. त्या नवऱ्याचा सूर मनात घोळवत होत्या. इतकं वाईट त्याने म्हटलं होतं की हे वाक्य त्याचं नाही अशी एखाद्याची खात्री पटली असती. त्यांचा संशय मात्र वाढला. इतकं वाईट बोलायला माणसाला सराव करावा लागतो, असं त्यांना वाटलं.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि चहा पुन्हा गरम करायला गेल्या.

चौकशीताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत त्यांनी नोकरीतली जवळजवळ सगळी वर्षं काढली. डोक्यावर 'चौकशी' अशी पाटी, समोर जाळी, जाळीला अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून येणारे प्रश्न. लोकांना वाटायचं बाई वेळापत्रक सांगतात. बाईंचं खरं लक्ष विचारणाऱ्याकडे असायचं. हातात पिशवी नसलेला माणूस लांबच्या गाडीची वेळ का विचारतो? नवराबायको एकाच गावची गाडी वेगवेगळी येऊन का विचारतात? कोण कोणाला चुकवतंय, कोण कोणाची वाट बघत नाहीये, हे त्यांना खिडकीतून आपोआप कळत गेलं. निदान कळतंय असं वाटत गेलं, आणि ते पडताळून बघायला गाडी सुटून गेल्यावर कोणी परत येत नसे.

पुढे स्थानकावर दिव्यांच्या पाट्या आल्या, वेळा आपल्या आपण फिरायला लागल्या. खिडकीशी कोणी येईना. चौकशीताईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. खिडकी बंद झाली, पण ती फक्त तिकडची. घरात फ्रिजचं दार उघडलं की स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, जिथे असतील तिथून त्यांचा आवाज यायचा, "काय हवंय?" फोन वाजला की, "कोण आहे?" आणि फोन ठेवला की, "काय म्हणत होते?" इमारतीत कोणाचं पायपुसणं गेलं, कोणाच्या दुधाच्या पिशव्या कमी भरल्या, की शेजारणी त्यांच्याकडे यायच्या. चौकशीताई कपाळाला आठी घालून ऐकायच्या आणि शेवटी एखादं नाव सुचवायच्या. ते बरोबर निघायचं असं नाही. पण सुचवलेल्या माणसाकडे सगळी इमारत महिनाभर तिरक्या नजरेने बघायची, म्हणजे तपास झाल्यासारखा वाटायचा.

वाक्यांचं काम त्यांना मुलीमुळे मिळालं. वाचनालयातल्या फळ्यावर तिने एक चिठ्ठी पाहिली होती. भाषेच्या संशोधनासाठी ऐकणारी माणसं हवीत, शिक्षणाची अट नाही, भाषा घरची असावी. मुलगी थट्टेने म्हणाली होती, "आई, बसून लोकांचं ऐकायचं आणि शंका घ्यायची. आणि वर त्याचे पैसे देणार." चौकशीताईंनी थट्टा बाजूला ठेवली आणि पत्ता लिहून घेतला.

एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. लांबट खोलीत लाकडी फळ्या घालून छोटे-छोटे कप्पे केलेले, भिंतींना आवाज शोषणारा जाड राखाडी कापडी थर. कप्प्यात खुर्ची, हेडफोन आणि एक ते सात आकड्यांची बटणं. कानात एका बाईचा आवाज वाक्य म्हणे. त्या आवाजाला राग नाही, हसू नाही, सर्दी नाही. वाक्य संपलं की बटण दाबायचं. असं कोणी कधीच म्हणणार नाही वाटलं तर एक, अगदी कोणीही सहज म्हणेल वाटलं तर सात.

"बरोबर की चूक हे बघायचं नाही," तिथला तरुण संशोधक म्हणाला होता. तो काडीसारखा बारीक होता आणि पंख्याखाली स्वेटर घालून बसायचा. "शाळेत काय शिकवलं ते विसरा. फक्त एवढंच, असं कोणी बोलेल का?"

शेजारच्या कप्प्यात शिकवणी घेणारे एक गृहस्थ बसत. त्यांना हे काही केल्या जमेना. ते सगळ्याच वाक्यांना दोन-दोन गुण द्यायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, आजकाल कोणाला धड बोलता येत नाही. चौकशीताईंनी मात्र पहिल्याच दिवशी आपली एक रीत बसवली. वाक्य ऐकलं की त्या डोळे मिटायच्या आणि चेहऱ्याची वाट बघायच्या. आपल्या ओळखीतलं कोणीतरी ते वाक्य म्हणताना दिसलं पाहिजे. 'खुर्चीने मला दुपारभर बसवलं.' कोणी येत नाही, एक गुण. 'काकू ओरडत ओरडत झोपल्या.' वरच्या मजल्यावरची शेजारीण थोडी दिसली, पण लगेच गेली. चार. 'दार लोटून घे, वारा येतोय.' चेहऱ्यांची रांगच लागली. सात. चेहरा जितका लवकर आणि जितका स्पष्ट, तितके गुण जास्त.

संशोधकाला ही रीत आवडली. त्याने ती आपल्या मॅडमना सांगितली. मॅडम म्हणाल्या, माणसं असंच करत असतील, फक्त सांगता येत नाही त्यांना. हे ऐकून चौकशीताई चार दिवस घरात जरा ताठ मानेने वावरल्या.

पण त्या मुलाने एक घोडचूक केली. एकदा चहा पिताना तो बोलून गेला की ऐकवल्या जाणाऱ्या वाक्यांतली बरीचशी भरतीची असतात. ज्या वाक्यांवर संशोधन चाललंय ती थोडीच, आणि ऐकणाऱ्याला ती ओळखू येऊ नयेत म्हणून मध्ये मध्ये इकडची-तिकडची पेरलेली. हे त्याने शिकवणीवाल्यांना सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. उभा जन्म चौकशीच्या खिडकीत काढलेल्या बाईला सांगायची ही गोष्ट नव्हती. खरं लपवायला खोटं पेरतात, हे त्यांच्या मनाने इतक्या झटकन पकडलं, की त्या दिवसापासून कानात येणारं प्रत्येक वाक्य त्या उलटंपालटं करून बघू लागल्या.

आणि मग एका सकाळी ते वाक्य आलं.

आधीचं वाक्य छत्रीबद्दल होतं. त्याला त्यांनी पाच दिले. मग त्याच कोरड्या आवाजात, "तिला कळायच्या आत सगळं उरकून घेऊ." डोळे मिटायचीही गरज पडली नाही. नवरा समोर आला. नुसता चेहरा नव्हे, सगळा देखावा. गॅलरीत उभा, दोरीवरच्या ओल्या चादरीआड अर्धा लपलेला, कानाला फोन, पाठ घराकडे. बोट आपोआप सातावर गेलं. त्यानंतरची वाक्यं त्यांनी ऐकली की नाही, देव जाणे. बटणं मात्र दाबली.

घरी येताना त्या स्वतःला विचारत होत्या. हाच चेहरा का आला? इतक्या लवकर का आला? बायकोपासून काही लपवणारी माणसं जगात थोडी आहेत का? भाऊ येऊ शकला असता, वरच्या मजल्यावरचा घरमालक येऊ शकला असता. मग हळूहळू आठवायला लागलं. नवरा खरंच हल्ली गॅलरीत जाऊन फोन घेत होता. चादरीआड उभा असलेला त्यांनी त्याला पाहिला होता, पण पाहिल्याची नोंद मनाने वर पाठवली नव्हती. वाक्याने ती वर काढली.

मग त्या डोळ्यांत तेल घालून बघायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी फोन आला, नवरा गॅलरीत. कोण होतं विचारलं तर म्हणाला, ऑफिसातून. पाणीपुरवठा कार्यालयातून सुट्टीच्या दिवशी फोन येतो, हे लग्नापासून त्यांनी ऐकलं नव्हतं. पाइप फुटला तरी ती माणसं सोमवारची वाट बघत. दुसऱ्या आठवड्यात त्या भाजी घेऊन वर आल्या तर नवरा आईच्या खोलीत, हातात मोजपट्टी. आईचा पलंग मोजत होता. नवी गादी बघतोय, तो म्हणाला. आई खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. गादी तर मागच्याच वर्षी घेतली होती. त्यानंतर एका सकाळी त्याच्या ऑफिसच्या बॅगेत डब्याच्या खाली एक कोरं कुलूप सापडलं, अजून पुठ्ठ्यावर टाचलेलं. घरातली सगळी कुलपं ठीक होती.

पलंग, कुलूप, चोरटे फोन. चौकशीताईंना दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने आपल्या आईला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. मध्ये एकदा जेवताना नवऱ्याने त्या जागेचं भारी कौतुक केलं होतं. बाग आहे, डॉक्टर येतो, प्रत्येकीला स्वतःचं कपाट, त्याला स्वतःचं कुलूप. तेव्हा त्या फक्त हूं म्हणाल्या होत्या.

आई त्यांच्याकडे आली ती पडल्यामुळे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्या-पुसण्याचं काम आईने निवृत्तीपर्यंत केलं. त्यानंतर ती एकटीच राहायची आणि तिचं बरं चाललं होतं. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं, तेव्हा चौकशीताई स्वतः रिक्षा घेऊन गेल्या आणि तिच्या बॅगा भरल्या. आता तू माझ्याकडेच, असं सांगून टाकलं. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला होता. आता त्यांना तेही खटकू लागलं. सासूला घरात ठेवायला कोणता पुरुष इतक्या लवकर हो म्हणतो?

आईला या घरातून कोणाला हलवू देणार नाही, एवढं त्यांनी पक्कं केलं. आणि ज्या दिवशी कुलूप सापडलं त्याच दिवशी, नवऱ्याचा दुसरा मोजा निघायच्या आत, त्यांनी ते भांडण काढलं होतं.

भांडणानंतर आई बाहेर आली. म्हणाली, चहा मी करते. चौकशीताई म्हणाल्या, तू बस, तुझा हात दुखेल. मनगट केव्हाच बरं झालं होतं. आई बसली.  जेवताना मुलगी एकदा पाणी मागत म्हणाली, "आई, 'जरा पाणी दे' हे मी म्हणू शकते का? चेहरा येतोय का बघ माझा." कोणी हसलं नाही. नवऱ्याने हसू दाबलं, ते चौकशीताईंनी पाहिलं आणि मनात ठेवलं.

नवरा ताकास तूर लागू देईना, तेव्हा त्या मुळाशी गेल्या. पुढच्या खेपेला कप्प्यात बसण्याआधी त्यांनी संशोधकाला गाठलं. ते वाक्य कुठून आणलं, सरळ विचारलं. आमच्या घरातलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का, हेही विचारलं. तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. आधी म्हणाला, ताई, ते भरतीचं आहे हो, त्याला काही अर्थ नाही. मग दार लोटून हळूच म्हणाला की मॅडम निवृत्त होतायत, त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून गुपचूप एक कार्यक्रम ठरवलाय. त्याच बैठकीत कोणीतरी तसं म्हणालं, आणि संध्याकाळी भरतीची वाक्यं लिहिताना त्याने ते उचललं. मॅडमना कृपा करून सांगू नका.

चौकशीताईंचा विश्वास बसला नाही. लाल झालेला चेहरा दोन्हीकडून साक्ष देतो. त्यांनी जिन्यात शिपायाला गाठून मॅडम कधी निवृत्त होणार ते काढून घेतलं. त्या खरंच निवृत्त होत होत्या. पुष्पगुच्छाची वर्गणी शिपायाने स्वतः दिली होती. मुलगा खरं बोलला होता, आणि त्यामुळे चौकशीताईंना वाईटच वाटलं. हातातला एक धागा तुटला होता. वाक्याला त्यांच्या घराचा वासही नव्हता. मग घरात जे चाललं होतं, ते?

त्या कप्प्यात जाऊन बसल्या. कोरडा आवाज सुरू झाला. बरीच वाक्यं गेली आणि मग, मध्येच, तेच पुन्हा आलं. ऐकणाऱ्याचं मत टिकतं का हे बघायला तिथे जुनी वाक्यं अधूनमधून परत पेरत असत. हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. "तिला कळायच्या आत सगळं उरकून घेऊ."

त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याला बोलावलं. तो आला, पण या वेळी एका पायात मोजा घालून, शाळेच्या प्रतिज्ञेच्या सुरात. त्यांनी त्याला गॅलरीत उभा करून बघितला, चादरीआड लपवून बघितला. बसेना. वीज तोडायला माणूस दारात येईपर्यंत बिल न भरणारा हा प्राणी. लग्नाच्या दिवशी बूट दुरुस्तीला टाकून बसलेला. कोणाला कळायच्या आत हा काय उरकणार? याला स्वतःला कळायला दोन दिवस लागतात.

मग कोण? बटण दाबायचं राहिलं होतं. त्या डोळे मिटून बसल्या. न सांगता उरकणारं, आधी करून मग सांगणारं, असं माणूस. डोळ्याचं ऑपरेशन करून, पट्टी निघाल्यावर 'बरं झालं हं माझं' असं फोनवर कळवणारं. नवरा गेल्यावर, मुलं येऊन पोहोचायच्या आत त्याचे कपडे वाटून टाकणारं. शाळेत तपासणीचा साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांची धावपळ सुरू व्हायच्या आत सगळ्या काचा लखलखीत करून स्टुलावर बसलेलं.

आई आली. काखेत पर्स, पदर खोचलेला. तिने वाक्य म्हटलं, आणि ते तिच्या तोंडी चपखल बसलं. त्यांनी सात दाबला. संशोधकाच्या यंत्रात दोन्ही वेळा सातच पडले असणार. ऐकणाऱ्याचं मत टिकतं, असाच त्याने अर्थ काढला असेल.

दुपारी त्या घरी आल्या तेव्हा आई एकटीच होती. पलंगावर बसून जुन्या पिशवीला नवा बंद शिवत होती. चौकशीताईंनी चप्पलही काढली नाही.

"मला कळायच्या आत सगळं उरकून घ्यायचं, हे तू म्हणालीस ना त्यांना?"

आईने सुई कापडात खोचून ठेवली. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. भांडणाच्या संध्याकाळी रेडिओ बारीक करून तिने ऐकलंच होतं. "अगदी तसंच नाही म्हटलं. पण म्हटलं."

मग तिने सांगितलं. शाळेत तिच्याबरोबर आजारी मुलांची खोली सांभाळणारी एक नर्सबाई होती. तिचा नवरा गेला, मुलगी दूरदेशी. दवाखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर तिची जागा आहे, पुढची खोली रिकामी पडलीये. दोघींचं कधीचं बोलणं चाललं होतं, येत्या शनिवारी जायचं ठरलंही होतं. जावयांना पलंग दारातून जाईल का ते बघायला सांगितलं, कुलूप आणायला सांगितलं. त्यांना फार संकोच वाटत होता. ते रोज म्हणायचे, तिला सांगून टाकू. मीच नको म्हटलं.

चौकशीताई पलंगाच्या कडेला बसल्या. तोंडात आलं ते त्यांनी विचारलं. कोणी काही बोललं का तुला? ह्यांनी काही सुचवलं का? ती नर्सबाई किती भाडं घेणार आहे? तिला काय हवंय तुझ्याकडून?

"बघ," आई म्हणाली, "एवढ्यात किती प्रश्न झाले."

ती रागावून बोलली नव्हती.  तीच पुढे म्हणाली, "तुला आधी कळलं असतं तर तू याहून चांगली खोली शोधली असतीस. उजेडाची, नळ चोवीस तास असलेली. आणि मग ती तू शोधलेली झाली असती. मला मी शोधलेली हवी होती गं."

"इथे तुला काय कमी आहे?"

"काही नाही. फ्रिजमध्ये सगळं असतं. उघडलं की तू विचारतेस काय हवंय. मला कधी कधी काहीच नको असतं. नुसतं उघडून बघायचं असतं."

मग पिशवीकडे बघत, "तू नको म्हणालीस तर मी राहीन. तुझ्यापुढे माझं चालत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लपवलं."

चौकशीताई म्हणाल्या, जागा दाखव. त्यांना वाटलं होतं, जागा पाहिली की दोष निघतील आणि दोष निघाले की प्रश्न मिटेल. दोघी चालत गेल्या. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान, मग एक सायकल दुरुस्तीवाला, मग दार. दोष निघाले, हवे तेवढे. न्हाणीघरात उतरायला पायरी होती. खिडकीच्या गजाला गंज होता, कोपऱ्यात ओलीचा डाग होता. नर्सबाई फार गोड बोलत होत्या, आणि फार गोड बोलणाऱ्या बायकांविषयी चौकशीताईंचं मत ठरलेलं होतं. त्यांनी नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, पायरीवर पाय घासून बघितला.

"पायरी मला माहितीये," मागून आई म्हणाली.

मग आईने त्यांना खुर्ची दिली. बस म्हणाली. चौकशीताई बसल्या. खुर्ची देणं, बस म्हणणं, हे एरवी त्यांचं काम असायचं. आई स्टोव्हकडे गेली आणि तिथे तिचं आणि नर्सबाईंचं जुंपलं. स्टोव्ह खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी. नर्सबाई म्हणाल्या, वारा लागतो. आई म्हणाली, लागू दे, धूर जायला नको? नर्सबाईंचा सगळा गोडवा उतरला, म्हणाल्या, तुझं शाळेतही असंच होतं. आई म्हणाली, म्हणून शाळेतल्या काचा फुटल्या नाहीत.

चौकशीताई ऐकत राहिल्या. एवढ्या मोठ्याने आई त्यांच्या घरात कधी बोलली नव्हती. कोणाशी भांडली नव्हती. चालेल, बरं, तू म्हणशील तसं, एवढ्यावर तिचे दिवस जायचे. आपल्याला हे कसं कळलं नाही? सगळ्यांवर नजर होती, फोनवर, पलंगावर, बॅगेतल्या डब्याखाली. शिवाय त्यांना अजूनही वाटत होतं की नर्सबाईंच्या मनात काहीतरी असणार. मुलगी दूरदेशी असलेली बाई रिकामी खोली उगाच कोणाला देत नाही. पण हे खरं असलं तरी ते आईला दिसत असणार, आणि दिसून तिने पाऊल उचललं असणार, हेही त्यांना कळत होतं. चहात साखर कमी होती. त्यांनी तो तसाच प्यायला.

परत येताना आई पुढे चालत होती. चौकशीताईंनी काही विचारलं नाही. त्यांना एकदा विचारावंसं वाटलं, की चालून पाय दुखतायत का, पण ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

संध्याकाळी नवरा आला, तो दारातूनच बायकोचा चेहरा वाचत आत शिरला. त्याला काहीतरी फुटलंय हे कळलं असावं, कारण त्याने दोन्ही मोजे एका दमात काढले आणि पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला. मुलगीही आज वेळेवर ताटावर आली. आई आपल्या नेहमीच्या जागी बसली होती, ताटात बघत. चौकशीताई वाढत होत्या. नवऱ्याने एकदा तोंड उघडलं, मी तुला सांगणारच होतो, असं काहीसं. त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. त्याच्याकडे नंतर बघायचं होतं, आणि चांगलंच बघायचं होतं. आई वर बघेना. तिचा घास हातात तसाच होता.

चौकशीताईंनी वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि बसण्याआधी, बसच्या वेळा सांगाव्यात तशा सरळ सुरात सांगून टाकलं, "आई शनिवारी नर्सबाईंकडे राहायला जातेय. ती बोलावेल तेव्हाच आपल्यापैकी कोणी तिकडे जायचं. मीसुद्धा."